आधीपासूनच होतं

आमच्या सासूबाईंपुढे आजवर कुणाचं तोंड चाललं नव्हतं, आणि आता त्यांच्याच तोंडात नळी होती.

आजार नसांचा. पायांतून वर वर चढत गेला. आधी पायातली चप्पल निसटायला लागली, मग जिना चढवेना, मग हातातला कप पडला. तो फुटला तेव्हाही त्या मलाच म्हणाल्या, "इतके गुळगुळीत कप आणतं का कुणी?" हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत दोन शब्दांच्या मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता. तरी स्ट्रेचर दाराला धडकलं तेव्हा ढकलणाऱ्याला त्यांनी ऐकवलंच, "अरे बाबा, माणूस आहे मी. कपाट नाही."

आयसीयूच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून एक्स-रे दाखवला. मी आणि माझा नवरा, दोघंही उभेच. "ही फुप्फुसं बघा," ते म्हणाले, "या वयात इतकी स्वच्छ बघायला मिळत नाहीत. दुखणं नसांचं आहे. श्वासाचे स्नायू थकलेत, म्हणून ते काम काही दिवस व्हेंटिलेटर करेल. नसा भरून येतात. वेळ लागेल, पण बाई घरी जाणार."

बाई घरी जाणार. लेकीला थोपटताना मी ते वाक्य मनात घोकत असे. लेक दीड वर्षाची. रोज सकाळी उठून आजीच्या खोलीचं दार ढकलायची, रिकाम्या पलंगाकडे बघायची आणि माझ्याकडे वळून हात उलटे करायची. मी म्हणायचे, येणार आहे. डॉक्टरकाकांनी सांगितलंय.

सासूबाई डोक्यानं पूर्ण जाग्या होत्या. हातपाय गेलेले, पण पापण्या चालत होत्या. एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही. तिसरा प्रकार त्यांनी स्वतःच काढला होता: बुबुळं सावकाश फिरवून छताला लावायची. त्याचा अर्थ कुणी शिकवायची गरज नव्हती. "मूर्ख आहात सगळे."

व्यायाम करून घेणाऱ्या मुलीनं मला त्यांचे हातपाय हलवायला शिकवलं होतं, त्यामुळे मला इतरांपेक्षा जास्त वेळ आत थांबता येई. आणि मला बघत राहायची खोड आहे. मूल झाल्यापासून ती फारच वाढली. झोपलेल्या लेकीची छाती हलते ना, हे बघायला मी उठते आणि नवरा माझी चेष्टा करतो. इथे तर छाती मशीनच हलवत होतं, तरी मी बघायचे. चौकोनी पडद्यावरचे आकडे बघायचे. सक्शनची बरणी बघायची. सिस्टर नळीतून बारीक नळी घालून छातीतला बेडका ओढून काढायच्या, तो या बरणीत जमायचा. सुरुवातीला तो पाण्यासारखा होता.

बघता बघता आणखी एक गोष्ट दिसली. अंग पुसताना पलंग सपाट करायचे आणि मग तो तसाच राहायचा. आयसीयूत एक तरुण डॉक्टर होती, जाड चष्म्याची, कायम धावपळीत. तिनंच मला समजावलं होतं की व्हेंटिलेटरवरच्या माणसाची उशाकडची बाजू वर हवी, नाहीतर तोंडातली लाळ नळीच्या कडेनं हळूहळू खाली छातीत झिरपते, आणि लाळेबरोबर जंतूही. मी सिस्टरना सांगायचे, "पलंग वर करता का?" "हो, करते." मग फोन वाजायचा, शेजारच्या खाटेचं मशीन ओरडायचं, आणि आमच्या सासूबाई सपाट. मी परत सांगायचे. तोंड पुसायचं राहिलंय, तेही सांगायचे. होता होता मला बघितलं की सिस्टर एकमेकींकडे बघायला लागल्या. आली इन्स्पेक्टरीण!

असेना का. पण बरणीतला रंग बदलला. आधी पिवळट, मग दाट, मग हिरवट. पाठोपाठ ताप आला. मशीनला किती ऑक्सिजन द्यावा लागतोय तो पडद्यावरचा आकडा, जो कमी कमी होत होता, तो वर चढला.

"लघवीचा संसर्ग आहे," मोठे डॉक्टर राउंडला म्हणाले. "त्याचं अँटिबायोटिक चालूच आहे. उतरेल ताप."

"पण डॉक्टर, बेडका हिरवा झालाय."

"ताई, नळी असली की थोडा कफ होतोच."

दुसऱ्या दिवशी ताप तसाच. एक्स-रे काढला. चष्मेवाल्या डॉक्टरनं तो पडद्यावर लावला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "उजवीकडे खाली नवीन डाग आहे." मग तिच्या लक्षात आलं की मी मागे उभी आहे.

"न्यूमोनिया?" मी विचारलं.

"सर सांगतील."

"व्हेंटिलेटरमुळे झालेला?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. "तसं म्हणायला नमुना पाठवायला हवा. छातीतला बेडका लॅबला. कुठला जंतू आहे, कुठलं औषध लागतं, ते त्यातनं कळतं."

"मग पाठवा ना!"

"संसर्ग-सिस्टरची सही लागते."

संसर्ग-सिस्टर म्हणजे हॉस्पिटलात कुणाला काय लागण झाली याची मोजदाद ठेवणारी बाई. इस्त्रीच्या घडीसारखी कडक. आयसीयूच्या दाराशी एक फलक होता, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत किती जणांना न्यूमोनिया झाला याचा, आणि त्यावर ती बाई महिनोन्महिने शून्य लिहीत आली होती. बाहेरून तपासणीला माणसं यायची होती म्हणे. मी तिला गाठलं.

"सही का नाही करत?"

"विनाकारण नमुने पाठवायचे नाहीत असा नियम आहे. डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हटलेलं नाही."

"डॉक्टर म्हणतात, नमुन्याशिवाय न्यूमोनिया म्हणता येत नाही."

"बरोबर आहे."

"म्हणजे न्यूमोनिया म्हटल्याशिवाय नमुना नाही आणि नमुन्याशिवाय न्यूमोनिया नाही?"

"ताई, ही प्रोसेस आहे. तुम्हाला नाही कळायची."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. कारण प्रोसेस मला चांगलीच कळत होती. मूल होईपर्यंत मी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात क्वालिटीला होते. बुडबुडा असलेली बाटली निघाली की फर्नेसवाले म्हणायचे, आमच्याकडे झालं नाही, वाळूच तशी आली होती. वाळूवाले म्हणायचे, नेताना झालं. सगळ्यांचे शून्य आणि बाटली मात्र खराब. पण ती बाटली होती. ती वितळवून परत करता येत होती.

नवऱ्यानं मला पाण्याच्या कूलरपाशी बाजूला घेतलं.

"अगं, हळू. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत."

"तू भांडून घरी जाशील. सक्शन त्याच करणार आहेत. रागानं एखादी वेळ टाळली तर? आई त्यांच्या हातात आहे."

"म्हणूनच भांडतेय."

"मोठे डॉक्टर काय वेडे आहेत का? इतकी वर्षं हेच करतायत."

"मग आईंचा ताप का उतरत नाही? सांग ना."

त्यानं पेला भरला आणि मलाच दिला. घाबरला की तो असंच काहीतरी हातात देतो. त्याचं चुकत होतं असंही नाही. हीच भीती माझ्याही पोटात होती. मी घरी गेले की मागे काय होईल, पलंग कोण वर करेल, कुणी मुद्दाम... नाही, मुद्दाम नाही कुणी करणार. पण दुर्लक्ष करायला मुद्दाम असावं लागत नाही.

मी आत गेले. सासूबाईंचा चेहरा तापानं लाल झाला होता. ज्या बाईनं माझ्या पोळ्यांना, माझ्या नोकरीला, माझ्या लेकीच्या केसांच्या भांगाला आजवर एकदाही "छान" म्हटलं नव्हतं, तिच्या कपाळावर मी ओला कपडा ठेवला आणि कानाशी वाकले.

"आई, तुमच्या छातीत नवीन काहीतरी झालंय. हे लोक त्याला नाव द्यायला तयार नाहीत. नाव दिलं तर औषध बदलावं लागेल, आणि मोजावंही लागेल. तुमचा मुलगा म्हणतो भांडू नको. मी भांडू का?"

पापण्या मिटल्या. एकदा. घट्ट. इतक्या घट्ट की मला वाटलं आता उघडतच नाहीत.

इतक्या वर्षांत मी भांडावं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी राउंडला मोठे डॉक्टर आले. मागे चष्मेवाली, संसर्ग-सिस्टर, आणखी दोघं. नवरा खाटेच्या पायथ्याशी. ऑक्सिजनचा आकडा आणखी चढला होता. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, नंतर मशीनवरचे आकडे बघितले.

"हं. छातीत इन्फेक्शन दिसतंय," ते म्हणाले. "हे आधीपासूनच असणार. येताना घेऊन आल्या असतील. आता दिसायला लागलं."

"आधीपासूनच?" मी म्हटलं.

"होतं असं कधी कधी. आजींना कदाचित कळलंही नसेल."

सासूबाईंची बुबुळं छताला लागली.

"डॉक्टर, पहिला एक्स-रे तुम्हीच आम्हाला दाखवला होता. इतकी स्वच्छ फुप्फुसं बघायला मिळत नाहीत, हे शब्द तुमचेच. ह्यालाही आठवत असेल." नवऱ्यानं मान खाली घातली. पण हलवली, होकाराची.

"ताई, सुरुवातीचा न्यूमोनिया एक्स-रेत दिसत नाही. तुम्ही मोबाइलवर वाचून..."

"मी काही वाचलेलं नाही. मी फक्त विचारतेय. न्यूमोनिया आधीपासून होता?"

"असं आम्ही धरतोय."

"धरू नका. होता की नव्हता?"

"होता."

"ठीक. मग त्याला औषध कुठलं दिलंत?"

"लघवीसाठी जे चालू आहे ते छातीलाही उपयोगी पडतं."

"उपयोगी पडतं, मग डाग वाढला कसा? ताप का उतरला नाही? न्यूमोनिया आधीपासून होता, तर तुमचं औषध त्याला लागू पडलं नाही, आणि तरी तुम्ही तेच देत राहिलात. आणि आधीपासून नव्हता, तर तो इथे झाला. या खाटेवर, या नळीमुळे. दोन्हींपैकी खरं असेल ते लिहा, मी काही म्हणणार नाही. पण दोन्हीत बेडका तपासायला तर पाठवावाच लागेल ना? का ज्या जंतूचं नाव माहीत नाही त्याला अंदाजानं औषध देत बसणार, एका माणसाचा श्वास संपेपर्यंत?"

माझा आवाज चढला होता. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाची बायको उभी राहून बघत होती.

"आवाज खाली घ्या," संसर्ग-सिस्टर म्हणाली. "हे आयसीयू आहे. इतर पेशंट आहेत."

"त्यांच्यासाठीही बोलतेय. त्यांचेही पलंग सपाटच आहेत. बघा मागे वळून."

सगळे वळले. होतेच सपाट. तिन्ही.

मोठ्या डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्याकडे न बघता ते चष्मेवालीला म्हणाले, "पाठवून दे सँपल." तिनं कोटाच्या खिशातून लाल झाकणाची डबी काढली. ती केव्हापासून तिच्या खिशात होती देव जाणे. तिच्यावरही मला राग आला. डबी खिशात घेऊन फिरायचं आणि कुणीतरी दुसरं ओरडेपर्यंत वाट बघायची!

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. औषध अंदाजानं बदललं होतं, पण आकडा पडद्यावर जिथवर चढू शकतो तिथवर चढला. सासूबाईंचे डोळे मिटलेले राहायला लागले. 'हो' नाही, 'नाही'ही नाही, छतही नाही. मी त्यांचे पाय हलवत राहायचे आणि मनात त्यांच्याशी भांडायचे. आता इतकं भांडायला लावलंत तर अर्ध्यात सोडून जायचं नाही. सांगून ठेवते, अजिबात नाही. बाहेर नवरा भिंतीला टेकून उभा असायचा. एकदाही म्हणाला नाही की तू उगाच बोललीस. म्हणाला असता तर त्याच भिंतीवर मी त्याला... जाऊ दे.

रिपोर्टमध्ये जंतू सापडला. हॉस्पिटलातल्या ओलसर नळ्यांत, सिंकच्या तोंडाशी वाढणारा, बाहेरून चालत येणाऱ्या माणसाच्या छातीत सहसा न मिळणारा. चष्मेवालीनं तो कागद मला वाचून दाखवला. लघवीसाठी चाललेलं औषध त्या जंतूला लागूच पडत नव्हतं, नंतर अंदाजानं बदललेलंसुद्धा. जराही नाही. पाणी दिलं असतं तरी फरक पडला नसता. मधले सगळे दिवस आम्ही त्या बाईच्या शिरेतून फुकट थेंब सोडत बसलो होतो.

बरोबर औषध सुरू झालं, आणि मग हळूहळू आकडा खाली आला. बरणीतला बेडका पुन्हा पाण्यासारखा झाला. एका सकाळी मी पाय उचलला तर सासूबाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि बुबुळं छताला लावली. पाय जरा जोरात धरला असणार मी. मी तिथेच रडले, आणि रडताना हसलेही, आणि सिस्टरना वाटलं काहीतरी वाईट झालं.

त्यानंतर मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. खुर्च्या दिल्या. चहा सांगितला. चहा सांगितला तेव्हाच मी सावध झाले.

"छान रिस्पॉन्स आहे आईंचा," ते म्हणाले. "आता गळ्याला छोटं छिद्र करून नळी तिथून घालू, म्हणजे तोंड मोकळं होईल. पुढचं सगळं सोपं." "आणि कागदावर आपण श्वासनलिकेचा दाह असं लिहिलंय. तुम्हाला तसा काही फरक पडत नाही."

"दाह?" मी म्हटलं. "डाग फुप्फुसात होता. दाह म्हटलं की फलकावर मोजावं लागत नाही, होय ना?"

"औषध तर बरोबर दिलं ना आता? शब्दाशी काय घेणं आहे तुम्हाला?"

चहा आला. मी घेतला नाही.

"डॉक्टर, तुमच्याकडे शून्य होतं म्हणून आईंचा नमुना गेला नाही. शून्य खोटं होतं. तुम्ही परत खोटं शून्य लिहिणार, म्हणजे पुढच्या माणसाचाही नमुना जाणार नाही. त्याची सून माझ्यासारखी भांडखोर नसली तर तो मरेल, आणि तुम्ही म्हणाल, आधीपासूनच होतं. झाकली मूठ तुमची, आणि आत गुदमरतोय दुसराच कुणीतरी."

"हे बघा, आमच्या विभागाचं नाव..."

"नाव?" हे माझा नवरा म्हणाला. मी दचकून त्याच्याकडे बघितलं. त्याचा आवाज इतका खालचा होता की डॉक्टरांना पुढे वाकावं लागलं. "माझी आई मरायला टेकली होती. मी तेव्हा बायकोला गप्प बस म्हणत होतो, कारण मला वाटत होतं तुम्ही चिडाल. आता चिडा. पण झालंय ते लिहा. नाही लिहिलंत तर तो रिपोर्ट घेऊन मी तपासणीला येणाऱ्या माणसांसमोर उभा राहीन. मला बोलता येत नाही नीट, पण ही येईल बरोबर."

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. कागद ओढला, ओळ खोडली, आणि वर लिहिलं. व्हेंटिलेटरशी संबंधित न्यूमोनिया. खाली सही. "झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

समाधान? मला तो चहा त्यांच्या टेबलावर ओतावासा वाटत होता. आभारही मानायचे होते का यांचे? आम्ही उठलो.

आत आले तर संसर्ग-सिस्टर सासूबाईंच्या खाटेपाशी उभी होती. बातमी पोहोचली होती. तिच्या नाकपुड्या फुगलेल्या.

"तुमच्यामुळे सगळ्यांना बोलणी बसली," ती म्हणाली. "आम्ही काय बसून असतो का इथे? तीन खाटांमागे एक सिस्टर आहे. ते नाही दिसत कुणाला."

"मग ते ओरडून सांगा ना. शून्य लिहिलंत तर कोण देणार तुम्हाला आणखी सिस्टर? सगळं छानच चाललंय की तुमचं!"

ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात पलीकडच्या खाटेची बाई पुढे आली. माझ्याहून लहान असेल. तिनं चाचरत विचारलं, "सिस्टर, ह्यांना कालपासून ताप आहे. आणि बरणीत ते पिवळं... ते काय असतं?"

संसर्ग-सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. कुठेही जाणार नव्हते मी.

"बघते," ती म्हणाली, आणि ट्रॉलीतून लाल झाकणाची डबी काढून, पाय आपटत, त्या खाटेकडे गेली. जाता जाता तिनं त्या माणसाचा पलंग वर केला. इतक्या रागानं बटण दाबलं की पलंग करकरला.

त्यानंतर ती माझ्याशी एकदाही नीट बोलली नाही. न बोलो. मी सासूबाईंचा डावा पाय उचलला, गुडघ्यात वाकवला, सरळ केला. त्या मात्र संसर्ग-सिस्टरकडेच बघत होत्या, डोळे बारीक करून, बोलता येत असतं तर काय काय बोलल्या असत्या ते सगळं साठवत.